मागे घेता न येणारं घर

४ मार्च, मंगळवार
निर्णय झाला. घर विकायचं, फिफ्थ-व्हील ट्रेलर घ्यायचा आणि त्यातच राहायचं. बारा महिने. आज नेब्रास्का, उद्या मॉन्टाना, परवा बघू.
सकाळी मार्लिसला सांगितलं. ती अंडी तळत होती. साधा ट्रेलर आणि फिफ्थ-व्हील यांतला फरक नीट समजावला. साधा ट्रेलर गाडीच्या शेपटीला बांधल्यासारखा, वाऱ्यात डुलतो. फिफ्थ-व्हीलचं नाक पिकअप ट्रकच्या हौद्यात आकड्यावर बसतं, म्हणून तो डुलत नाही. ती म्हणाली, हं.
एकेचाळीस वर्षांचा संसार आहे. मार्लिसचं हं म्हणजे होकार.
दुपारी मसाल्यांचं कपाट लावलं. वापराच्या क्रमाने. मीठ पुढे, दालचिनी मागे. मी निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघराला शिस्त येते आहे. मार्लिसला अजून काही सापडत नाही. सवय होईल.

६ मार्च
शेजारच्या ड्वेनला बातमी दिली. ड्वेन जन्मभर गुरं आणि गवताचे भारे ओढत आला आहे, त्यामुळे त्याला वाटतं त्याला कळतं. म्हणाला, वेंडेल, आधी ट्रक बघ, मग ट्रेलर. तुझ्या त्या पिकअपवर एवढं वजन टाकलंस तर पुढची चाकं आभाळाकडे बघतील.
ऐकून घेतलं. मी बत्तीस वर्षं लायसन्स ऑफिसात ड्रायव्हिंगची परीक्षा घेतली आहे. कार्नी गावातल्या अर्ध्या लोकांना मी पास केलं, उरलेल्यांना नापास. ड्वेन दोनदा नापास. रिव्हर्समध्ये.

८ मार्च, शनिवार
ओमाहाला ट्रेलरचं प्रदर्शन. रोशेल नावाची विक्रेती. तिचा पहिलाच प्रश्न : कायम राहणार की अधूनमधून? मी म्हटलं, कायम. त्याच क्षणी मार्लिस म्हणाली, अधूनमधून. रोशेल म्हणाली, बऱ्याच जोडप्यांचं असं होतं. मार्लिसने गंमत केली असणार.
रोशेलच्या मते कायम राहायचं तर भिंती जाड हव्यात, पाण्याच्या आणि संडासाच्या टाक्या मोठ्या हव्यात, कपाटं भरपूर हवीत. अधूनमधून जायचं तर छोटा, हलका. मग विचारलं, ट्रक कुठला आहे? म्हटलं, ट्रकचं मी बघतो.
मार्लिस एका ट्रेलरच्या बाथरूममध्ये शिरली, दार लावलं आणि बराच वेळ आतच राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, इथे दार लावलं की तुझा आवाज येत नाही, एवढं मात्र चांगलं आहे.
टिपून ठेवलं : इन्सुलेशन उत्तम.

१९ मार्च
नदीवर क्रौंच उतरले आहेत. दरवर्षीप्रमाणे लाखोंनी. मार्लिसला घेऊन संध्याकाळी पुलावर गेलो. म्हटलं, बघ, यांना ना घर, ना गॅरेज, ना हिरवळ कापायची कटकट. हे खरे बारमाही प्रवासी. ती म्हणाली, पण दर मार्चला याच वाळूवर येतात ना? आणि आले की एकमेकांवर किती ओरडतात.
तिला पक्ष्यांची फारशी माहिती नाही.
अधूनमधूनवाल्यांबद्दल विचार केला. एक पाय घरात, एक पाय दारात. असल्या लोकांचं काही खरं नसतं. मी मोठाच ट्रेलर घेणार. चार भिंती बाहेर सरकतात, मध्ये दिवाणखाना होतो, विजेची शेकोटी आहे. दोन आरामखुर्च्या शेजारी-शेजारी, जमिनीला पक्क्या ठोकलेल्या. हलवता येत नाहीत. म्हणजे भांडण झालं तरी शेजारीच बसायचं. मला ही कल्पना फार आवडली. मार्लिसने प्रदर्शनात त्या खुर्च्या दोनदा हलवून पाहिल्या होत्या.

२९ मार्च
नवा ट्रक घेतला. मागे चार चाकं. जुना पिकअप एवढं वजन ओढणार नाही हे मला आधीपासून माहीत होतं, फक्त बोललो नव्हतो. ट्रक गॅरेजमध्ये मावत नाही. गॅरेज लहान बांधलंय.
ड्वेन कुंपणावरून म्हणाला, बरं झालं. मी म्हटलं, माझं आधीच ठरलं होतं.

६ एप्रिल, रविवार
सगळं कसं जुळून येतं बघा. आमच्या मुलीचं, जनेलचं, भाड्याचं घर सुटतंय. ती, जावई कोरी आणि जुळ्या मुली यांना जागा हवी आहे. मी तिथल्या तिथे जाहीर केलं : आमचं घर घ्या. आम्ही तसेही रस्त्यावर असणार. घर विकायची कटकटही वाचली.
मार्लिसला इतकं खूश कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. लगेच शिवणाच्या खोलीतून कापडं काढायला लागली. म्हणाली, मुली माझ्याजवळ झोपतील. मी म्हटलं, तू इथे नसणार आहेस. ती म्हणाली, अरे हो.
प्रवासाच्या आनंदात माणूस गोंधळतो.

२ मे
ट्रेलर आला. दुकानाच्या माणसाने एका दमात मागे घेऊन घराशेजारी लावला. एका हाताने. दुसऱ्या हातात सँडविच. परीक्षेत मी त्याचे गुण कापले असते. त्याने विचारलं, सराव करून दाखवू का? म्हटलं, मी कोण आहे तुला माहीत नाही.
आकारमान अंदाजापेक्षा मोठं वाटतं. जनेल मंडळी राहायला आली आहेत; तिच्या स्वयंपाकघरात आता ऊन येत नाही.

४ मे
चर्चच्या पार्किंगमध्ये थोडा सराव. सराव म्हणजे ट्रेलरची ओळख. ट्रेलरला डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. चुकीची रचना आहे. मार्लिस मागे उभी राहून हातवारे करत होती. ती डावीकडे म्हणाली, मी विचारलं, कुणाच्या डावीकडे? ती म्हणाली, देवाच्या.
चर्चचा बोर्ड थोडा वाकला. पास्टर म्हणाले, काही हरकत नाही वेंडेल, तो जुनाच होता. ईस्टरला नवा बसवला होता.
ड्वेन ऐकून म्हणाला, काय रे, अंगण वाकडं होतं का?

१६ मे, शुक्रवार
प्रस्थान! तळ्याकाठचा कॅम्प, तासाभरावर. पुढे वायोमिंग, पुढे समुद्र.
जनेलने खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे गोड रोल बांधून दिले. जुळ्या रडल्या. मार्लिसही. मी फक्त टायरची हवा बघत होतो. तीनदा.
हायवेवर ट्रक छान चालला. फक्त पुढे. मागे जायची वेळच आली नाही.

१७ मे
कालचं सविस्तर लिहीत नाही. दिलेली जागा दोन झाडांच्या मध्ये होती. झाडं चुकीच्या जागी लावली आहेत. मी जरा प्रयत्न करत होतो तेवढ्यात आसपासच्या लोकांनी खुर्च्या आणून मांडल्या. कुणीतरी पॉपकॉर्न आणलं. त्यांत कॉनी व्रॅना होती. चार वेळा नापास, पाचव्यांदा पास, दर वेळी रडली. आता आजी झाली आहे. खिडकीशी येऊन म्हणाली, मिस्टर स्ट्रो, मी लावून देऊ का? म्हटलं, नको.
शेवटी मी ट्रेलर तोंड आत करून आडवा उभा केला. त्यात दोन जागा अडल्या आणि विजेची वायर पोचेना. व्यवस्थापक नम्रपणे म्हणाला, साहेब, असं नाही चालणार.
मार्लिस ट्रकमधून उतरली आणि कॉनीला किल्ली दिली. मला न विचारता. कॉनीने लावला. बाहेर येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. काय अपेक्षा होती कुणास ठाऊक. म्हटलं, इंडिकेटर दिला नाहीस. ती हसायला लागली. मग मार्लिस हसायला लागली. मग सगळा कॅम्प.
बाकी जागा छान आहे.

१९ मे
घरी परत. मार्लिसची गुरुवारी चर्चच्या गायनवृंदाची तालीम असते, ती चुकवून चालत नाही. तिच्यावाचून खालचे सूर उघडे पडतात म्हणे. आधी सांगितलं होतं, चर्च सगळीकडे असतात. ती म्हणाली, माणसं सगळीकडे नसतात.
ट्रेलर रस्त्यावर उभा ठेवायला बंदी, आणि घराशेजारी उलटाच घालावा लागतो. म्हणून सरळ मागच्या अंगणात घातला. पुढून. मार्लिसच्या टोमॅटोंच्या वाफ्यापर्यंत. वाफ्याचा काही भाग गेला. वायोमिंग पुढच्या आठवड्यात.

२६ मे
आठवडाभर पाऊस. ट्रेलरची चाकं मातीत रुतली. ड्वेन येऊन वाकून बघून गेला. म्हणाला, जमीन सुकल्याशिवाय हात लावू नकोस. मी म्हटलं, तसंही आम्ही इथे थोडे दिवस थांबणारच होतो. बारमाही राहणाऱ्याला ठिकाणाचं काय?
ओमाहाच्या जुन्या सहकाऱ्याचा फोन. विचारलं, कुठे आहात? म्हटलं, एका शांत जागी. झाडं आहेत, शेजारी चांगले आहेत, मुलं खेळतात. म्हणाला, हेवा वाटतो.

२ जून
मार्लिस कपडे धुवायला घरात जाते. मोठं मशीन तिकडे आहे. आंघोळही तिकडेच, कारण ट्रेलरच्या टाकीत गरम पाणी कमी. स्वयंपाकही. एका जुळीचा कान दुखतोय म्हणून दोन रात्री झोपायलाही तिकडेच. मसाल्यांचं कपाट पुन्हा पूर्वीसारखं झालं आहे असं खिडकीतून दिसलं. जनेलला शिस्त नाही.

११ जून
कान बरा झाला. मार्लिस म्हणते, दुसरीचाही दुखेल.
दुसऱ्या आरामखुर्चीवर मी नकाशे ठेवतो. ती रिकामी बरी दिसत नाही.

२२ जून, रविवार
घरात जेवायला बोलावलं होतं. माझ्याच घरात. जेवणानंतर मी सांगितलं, जमीन सुकली, मार्लिस, शुक्रवारी निघू. कोरी मुलींना घेऊन बाहेर गेला. मग जनेल म्हणाली, डॅड, तू आईला एकदा तरी विचारलंस का?
म्हटलं, मार्चमध्येच. ती हं म्हणाली होती.
मार्लिस मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, अरे वेंडेल, हं म्हणजे मला ऐकू आलं. एवढंच. एकेचाळीस वर्षं मला ऐकू येतंय.
मग म्हणाली, तू रिटायर झालास आणि दिवसभर घरात. डबे हलवायचास, कपाटं लावायचास, मी अंडं कसं फोडते तेही बघायचास, जणू मी लायसन्सला आले आहे. मला वाटलं, ट्रेलर बघत फिरशील तर दुपारपुरतं माझं स्वयंपाकघर मला मिळेल. तू खरंच घेशील असं वाटलं नव्हतं रे. आणि पोरी इथे येणार म्हटल्यावर मी गप्प बसले. मला त्या हव्या होत्या.
मी विचारलं, मग तुला माझ्याबरोबर राहायचंच नाही का?
मटार संपले होते तरी ती साली चाचपत होती. मग म्हणाली, राहायचंय. सगळा वेळ नाही.
थोडक्यात, मार्लिस अधूनमधूनवाली निघाली. हे आधी सांगितलं असतं तर छोटं मॉडेल घेतलं असतं.

२४ जून
रोशेलला फोन केला. परत घ्याल का? म्हणाली, घेऊ, पण एवढं मोठं मॉडेल लवकर खपत नाही. मी म्हटलं, नुसतं विचारलं.
घरात परत जावं असं एकदा मनात आलं. शिवणाच्या खोलीत मुलींचे पलंग. आमच्या खोलीत जनेल आणि कोरी. मार्लिस मुलींबरोबर. माझ्यासाठी दिवाणखान्यातला सोफा आहे, असं जनेल म्हणाली. प्रेमाने म्हणाली. माझी पाठ सोफ्याची नाही.

३ जुलै
ड्वेन ट्रॅक्टर घेऊन आला. ओढून काढतो म्हणाला. चाकं मोकळी केली, साखळी बांधली आणि मार्लिसला विचारलं, कुठे लावू? तिने ट्रेलरकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, मग म्हणाली, थोडा पलीकडे घे. टोमॅटोंना ऊन मिळेल एवढा. बाकी राहू दे इथेच.
ड्वेनने माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी टोमणा आला होता, तो त्याने गिळला. ते मला जास्त लागलं.
म्हटलं, जागा माझ्याच पसंतीची आहे.

८ जुलै
ट्रक कोरीला दिला. त्याला छपरांच्या कामाला लागतो. तो जोरात रिव्हर्स घेतो, आरसे बघत नाही. मी अंगणातून हात करून थांबवलं आणि दोन सूचना दिल्या. तो म्हणाला, येस सर. चांगला मुलगा आहे.
स्वतःसाठी अंडी तळली. दोन फुटली. पॅन चुकीचा आहे.

१२ जुलै, शनिवार
सकाळपासून आवरलं. नकाशे कपाटात टाकले, शेकोटीची काच पुसली, केस विंचरले. मार्लिस संध्याकाळी जेवायला आली. दार वाजवलं. म्हटलं, दार उघडंच आहे, तू कशाला वाजवतेस? म्हणाली, बरं दिसत नाही तसं.
हातात खिम्याचा मीटलोफ आणि वाफ्यातला पहिला टोमॅटो. दोघं आरामखुर्च्यांवर बसून जेवलो. तिने गायनवृंदातल्या भांडणाची गोष्ट सांगितली. मी मध्ये बोललो नाही. मग पत्ते खेळलो. ती जिंकली, मला चिडवलं, आणि मी तिला असं हसताना कितीतरी दिवसांनी पाहिलं. शिट्टी वाजावी तसं हसते. हे मी विसरलो होतो.
म्हटलं, थांब ना अजून. ती म्हणाली, मुली वाट बघतायत. मग दारात उभं राहून तिने सगळीकडे नजर फिरवली, माझी कॉलर सरळ केली आणि म्हणाली, छान ठेवलंयस हो तुझं घर.
अंगण ओलांडून ती गेली. स्वयंपाकघराचा दिवा लागला.