पाय टेकणारी मोटारसायकल

मी, खाली सही करणारी, वय त्रेसष्ट, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि चांगल्याच रागात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. त्याची गरज का पडली, ते कलम तीनमध्ये येईल.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव मुलगा व मुलगी यांना निम्मी निम्मी. शिलाई मशीन मुलीला. तिने ते विकू नये, झाकूनही ठेवू नये.

२. डोंगरापलीकडच्या रस्त्यांवर एकटीने फिरायला मी मोटारसायकल घ्यायचं ठरवलं. मुलगा म्हणाला, "आई, स्कूटर घे ना, भाजीपुरती." धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, घ्यायचीच तर मोठ्या इंजिनाची घ्या. लोकांनी बघत राहिलं पाहिजे." चालवणार मी आणि पसंती यांची! मी शोरूममध्ये टेप घेऊन गेले. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली, त्या दिवशी स्वतःच्या टांगेचं घेतलं. दिरांच्या आवडत्या गाडीवर माझे पाय लोंबकळत होते. म्हणून हलकी निवडली. दोन्ही पाय जमिनीला टेकतात, आडवी पडली तर माझी मी उभी करते. विक्रेत्यासमोर आडवी करून उचलून दाखवली आणि तिथल्या तिथे बुकिंग केलं.

३. त्याच संध्याकाळी मुलाने शोरूमला फोन केला, आई भ्रमिष्ट झाली आहे असं सांगितलं आणि बुकिंग रद्द केलं. हे मला सुनेने सांगितलं. ते मनाला फार लागलं. दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन गेले आणि तीच गाडी आणली. मुलाने काळजीपोटी केलं, हे मान्य. माफ केलेलं नाही.

४. सबब, मोटारसायकल सुनेला. मुलाने तिच्या किल्लीला हात लावू नये. सून माझ्याहून बुटकी आहे, तिने सीट खाली करून घ्यावी. नकोच असेल तर कोणालाही द्यावी, पण स्वतः ठरवून.

५. मी रस्त्यात गेले तर "आम्ही सांगत होतो" असं कोणी म्हणू नये. म्हणेल त्याला या घरात चहा देऊ नये.

६. "आधी मृत्युपत्र कर, मग जा," असं मुलगा दारात आडवा उभा राहून म्हणाला. लिहिता लिहिता मी घाबरेन, असं त्याला वाटलं. घाबरले, खोटं कशाला बोलू? तरी निघते आहे. याची अंमलबजावणी माझ्या मरणानंतरच करावी. दारात गाडी दिसत नाही म्हणून कोणी घाई करू नये.

सही: शिवणवाल्या बाई
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई २. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला
स्थळ: घराचं फाटक
दिनांक: सतरा, सकाळी साडेसहा. इंजिन चालू.