टेबलावरचा लाल दिवा

४ जानेवारी २००८

मुळाकाठ सोसायटीच्या रहिवाशांनो! दोन वर्षं आपण सगळे एकच जाच सोसतोय. संध्याकाळचे पाच वाजले की टीव्हीवर मुंग्या, पंख्याला घरघर, ट्यूब लुकलुक. का? कुंपणापलीकडे गोजराबाईंच्या गोठ्यातलं कडबाकुट्टीचं यंत्र सुरू होतं, आणि ते आपल्याच ट्रान्सफॉर्मरवर आहे!

— रविवारच्या सभेला एवढी सुरुवात पुरे. पुढचं उभं राहिल्यावर सुचतं. तीस वर्षं सुचत आलंय.

खरं तर मला टीव्हीचं काही पडलेलं नाही. मला बायकोचं, शारदाचं पडलंय. सभेत ते सांगवणार नाही, म्हणून इथे. दिवाळीत तिला अर्धांगवायूचा झटका आला; उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा चालतो. शैलेशने अमेरिकेहून येताना एक बटण आणलं. तिने ते दाबायचं, इशारा घरातल्याच वायरिंगमधून धावतो आणि माझ्या टेबलावर लाल दिवा लागतो. नवी वायर नको, काही नको. चिरंजीव बसवून हिंजवडीच्या ऑफिसात परत गेले.

काल दिवा चार वेळा लागला. चारही वेळा धावलो. "काय हवंय?" मान हलते — नाही. "दाबलंस का?" — नाही. आणि परवा लागायला हवा होता तेव्हा लागलाच नाही! दोन तास ओल्या अंथरुणात पडून होती. मी गेलो तेव्हा भिंतीकडे बघत होती.

शैलेश फोनवर म्हणाला, "बाबा, लाइनवर नॉइज आहे. मोटारी, इन्व्हर्टर, चार्जर, सगळे वायरीत कचरा सोडतात. खरा सिग्नल त्यात बुडतो, आणि कधीकधी खोटाच उगवतो."

मोटार म्हणजे कुट्टी. दुसरं काय!

६ जानेवारी

पस्तीस मिनिटं बोललो. सभागृह मुठीत होतं. सेक्रेटरी दयानंद म्हणाला, "सर, तुमचं ऐकून मी घरचा मिक्सरसुद्धा बंद करेन, फक्त बायकोला तुम्ही सांगा." हशा. गोठ्याची जोडणी तोडा, या अर्जावर सगळ्यांच्या सह्या.

गोजराबाई दुधाची किटली घेऊन दारात उभ्या होत्या. "मास्तर, म्हशीला कुट्टी न्हाई घातली तर तुमच्या च्यात काय वतू? आन् मला बाईंचं बी एक सांगायचंय—"

"तुमची बाजू लेखी द्या," मी म्हटलं.

"लेखी! माझा नुसता अंगठा हाय."

पुन्हा हशा. मीही हसलो.

१२ जानेवारी

वायरमन गोठ्याची जोडणी तोडून गेला. पाच वाजले — शांत! जिंकलो.

दिवा आज सहा वेळा लागला.

१३ जानेवारी

सात.

१७ जानेवारी

नेरे गावचा नथू इलेक्ट्रिशियन आला. यंत्र नाही, मीटर नाही, खिशात छोटा रेडिओ. दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवला आणि घरभर फिरला. स्वयंपाकघरात थोडी खरखर. शारदाच्या खोलीत जवळजवळ नाहीच. माझ्या टेबलाशी आला आणि रेडिओ अक्षरशः बोंबलला.

"चोर घरातच हाय, सर."

माझ्या संगणकाचा यूपीएस. माझ्या वाचायच्या दिव्यातला सीएफएल. ज्या उजेडात मी ते भाषण लिहिलं तोच!

नथूने प्लगांना फिल्टरच्या डब्या लावल्या. "आता लाइन साफ हाय. आता येईल ते बाईंचंच."

गोजराबाईंची जोडणी परत द्या, असा अर्ज लिहायला बसलो. दोनदा फाडला. माघारीचं वाक्य मला लिहिताच येत नाही. सव्वीसला पौडला व्याख्यान आहे, ते झालं की बघू.

२१ जानेवारी

अकरा वेळा! लाइन साफ असताना! दर वेळी जातो. दर वेळी मान — नाही. नथूला काही कळत नाही. शैलेशला कळत नाही. घराघरात इन्व्हर्टर, घराघरात चार्जर. या भिंतींच्या आत कोणाची वीज कुठे नाचते ते कोणालाच माहीत नाही. असल्या वायरीवर मी माणसाचा जीव टांगलाय. हे सुधारणार नाही. कधीच नाही.

२२ जानेवारी

दिव्याची डबी प्लगातून उपटली, कपाटात टाकली. तासातासाने स्वतः जाऊन बघेन. सकाळभर सलग वाचलं. सुटलो!

२३ जानेवारी

दवाखाना.

३० जानेवारी

त्या दिवशीचं आज लिहितो. बावीसलाच, दुपारी. तासाचे अडीच तास कधी झाले, कळलं नाही. गोजराबाई दूध घेऊन मागच्या खिडकीपाशी आल्या आणि ओरडल्या, "मास्तर! बाईंचं त्वांड बगा कसं झालंय!" दुसरा झटका. डावा हातही गेला. बोट अजूनही बटणावर होतं.

दाबलं असेल? किती वेळा? दिवा कपाटात होता.

काल घरी आणलं. डोळे उघडते. ओळखते की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

पौडला गेलो नाही. तिथे कोणाचं काही अडलं नाही.

२ फेब्रुवारी

गोजराबाई शारदाला बघायला आल्या. दोन्ही तळव्यांना चिंध्या बांधलेल्या. तीन आठवडे कोयत्याने कडबा तोडताहेत. मी खाली मान घालून जोडणीचा अर्ज त्यांच्यापुढे वाचला. त्यांचं लक्ष नव्हतं.

"मास्तर, बाईच दिवा लावत हुत्या. मी खिडकीतनं रोज बगायची. बटन दाबायच्या, दाराकडं बगत ऱ्हायच्या. तुमी आलासा की हात पांघरुणात."

"मग मी विचारल्यावर नाही का म्हणायची?"

"तुमी पुस्तकात बोट घालूनच येत हुता की. काय हवंय, काय हवंय! त्यास्नी काय बी नगं हुतं. तुमी नुसतं जवळ बसाय पायजे हुतं."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सभंला मी आले न्हवते व्हय? तुमी बोलू दिलं का कुणाला?"

५ फेब्रुवारी

दिव्याची डबी परत लावली. फिल्टर जागेवर आहेत, लाइन स्वच्छ आहे. दिवा टेबलावरून उचलून तिच्या उशाशी आणलाय. तिचं बोट बटणावर ठेवलंय. पुस्तक आणलेलं नाही. मी खुर्ची ओढून बसलोय, काही विचारणार नाही.

शारदा, दाब. एकदा दाब.