चांगल्या बोटाचा चाप

बाबा,

आज सकाळी दुकान उघडलं, हीटर लावला आणि रोजच्यासारखी तुमची दुनळी बंदूक कपाटातून काढली. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण तिथवर यायला मला थोडा वेळ लागेल. तुम्ही असतात तर "मुद्द्यावर ये" म्हणाला असतात. तुम्हाला पाल्हाळ कधी सोसलं नाही, गिऱ्हाइकाचं नाही आणि माझं तर मुळीच नाही. आज मात्र मध्येच तोडायला तुम्ही नाही आहात, तेव्हा मी माझ्या गतीने सांगणार आहे.

खडकीच्या कारखान्यात कानस चालवणारा माणूस बर्मिंगहॅमला येतो आणि इंग्रज शेतकऱ्यांच्या बंदुकांचे चाप सुधारून देतो, याची आईला शेवटपर्यंत गंमत वाटायची. मंडळाच्या गणपतीला कुणी विचारलं की ती म्हणायची, "हे बंदुकांचे डॉक्टर आहेत." तुम्ही चिडायचात, पण ते फारसं खोटं नव्हतं. चाप खरखरत येतो, मध्येच अडतो, उशिरा सुटतो, अशा तक्रारी घेऊन माणसं यायची, आणि तुम्ही नाडी बघावी तसा चाप दोनदा ओढून बघायचात. दोष बाहेर दिसणाऱ्या लोखंडात नसतोच, हे मला तुम्हीच शिकवलंत. आत घोड्याला, म्हणजे काडतुस उडवणाऱ्या हातोडीला, एक बारीक खाच असते, तिच्यात एक पट्टी अडकून बसते आणि चाप ओढला की ती निसटते. खाच खडबडीत असली तर चाप रडत येतो. ती तेलाच्या दगडावर घासून गुळगुळीत करायची, पण जरा जास्त घासली गेली तर पट्टीला धरायला काही उरत नाही आणि बंदूक नुसत्या धक्क्याने उडते. या दोन टोकांच्या मधली जागा केसाएवढी असते आणि ती तुम्ही बोटाने ओळखायचात. "भुईमुगाची शेंग फुटते ना, तसा सुटला पाहिजे," तुम्ही म्हणायचात. "आधी दाबत जायचं, दाबत जायचं, काही होत नाही. मग एकदम." आणि खिशातून शेंग काढून अंगठा आणि पहिल्या बोटात धरून फोडून दाखवायचात. गिऱ्हाइकांनाही दाखवायचात. तुमच्या बाकाखाली नेहमी टरफलं पडलेली असत.

मी तेव्हा मोटारीच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. दिवसभर मापं घ्यायची हेच माझं काम, आणि शनिवारी तुमच्याकडे यायचं ते शिकायला कमी आणि वाद घालायला जास्त. एका दिवाळीला मी तुम्हाला ताणकाटा भेट दिला, चाप किती वजनाला सुटतो ते मोजायचा, हुक असलेला. तुम्ही तो उलटसुलट पाहिलात, "छान आहे" म्हणालात आणि खिळ्याला टांगलात. पुढच्या दिवाळीला तो मला आपल्या स्वयंपाकघरात सापडला. आई त्याच्यावर शेजाऱ्यांना द्यायच्या शंकरपाळ्यांच्या पिशव्या मोजत होती. मला राग आला होता. तो परत नेऊन त्याच खिळ्याला टांगला.

मग लाळ्या-खुरकुताची साथ आली. श्रॉपशरपासून पार वर डोंगरापर्यंत गाईगुरं मारून जाळत होते. वाटा बंद, शेतं बंद, त्या हिवाळ्यात बऱ्याच ठिकाणी शिकारही बंद. रिकाम्या हातांनी माणसं काय करणार, त्यांनी बंदुका दुरुस्तीला काढल्या. तुमच्याकडे इतकं काम कधीच आलं नव्हतं. घरी आलात की थकलेले असायचात, आणि जेवणानंतर आईने भाजलेल्या शेंगांची वाटी पुढे ठेवली की ती माझ्याकडे सरकवायचात. "तू सोल गं, मला पेपर वाचायचाय." मी सोलून देत असे. आई म्हणाली, "अहो, लाडोबा झालात आता." तिघंही हसलो. सगळं तिथे वाटीत समोर होतं आणि आम्हाला ते लाड वाटले.

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला, एका शनिवारी, तो लांब चेहऱ्याचा शेतकरी आला. त्याची सगळी गुरं गेली होती हे आपल्याला ठाऊक होतं. त्याने बंदूक बाकावर ठेवली आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"आय ओन्ली शट इट," तो म्हणाला. "पुट द कार्ट्रिजेस इन, शट इट, अँड ऑफ इट वेंट."

बंदूक नुसती मिटताच उडाली होती, आणि नळ्यांच्या अगदी पुढे त्याची कुत्री बसली होती. साथीनंतर त्याच्याकडे उरलेलं तेवढंच एक जनावर होतं. तो आवाज चढवून काही बोलला असता तर बरं झालं असतं. त्याला बंदूक परत नको होती, तेवढंच सांगून तो जिना उतरून गेला.

तुम्ही दार लावलंत आणि म्हणालात, "बंद करताना चापावर बोट ठेवलं असणार. ही माणसं अशीच."

"बाबा, काटा लावून बघू या."

"काय बघायचंय? मी केलाय तो चाप."

मी खिळ्यावरून ताणकाटा काढला. नळ्या रिकाम्या आहेत हे दोनदा बघितलं, आत खोटी काडतुसं घातली आणि हुक चापाला लावला. चार पौंडांच्या आसपास सुटायला हवा होता. काटा हलला न हलला तोच घोडा पडला. मग मी गिऱ्हाइकांची वाट बघत फळीवर उभ्या असलेल्या बंदुका एकेक काढल्या. एक जरा बरी, बाकी सगळ्या तशाच. तुम्ही मागे उभे राहून बघत होतात.

"काटा बिघडलाय," तुम्ही म्हणालात. "शंकरपाळ्या मोजून मोजून तुझ्या आईने वाट लावलीय त्याची."

मी चहाच्या फळीवरची साखरेची न फोडलेली एक किलोची पिशवी हुकाला अडकवली. काटा जिथे थांबायला हवा तिथेच थांबला. तेव्हा तुम्ही माझ्यावर ओरडलात, जन्मात पहिल्यांदा. "फॅक्टरीत मापं घेतेस म्हणून मला शिकवणार? अगं, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून हे बोट चाप ओळखतंय. मला विचार, काट्याला काय विचारतेस?" आणि त्या शेतकऱ्याची बंदूक उचलून तुम्ही चाप ओढलात, डोळे मिटून, आणि म्हणालात, "बघ. शेंग फुटते तसा."

मी तुमच्या कोटाच्या खिशात हात घातला. शेंगा होत्या, सवयीने भरलेल्या. एक काढून तुमच्यापुढे धरली. "मग ही फोडा."

तुम्ही ती अंगठा आणि पहिल्या बोटात धरलीत. मी बघते आहे, तुमचं नख पांढरं पडतं, मनगट थरथरतं, ओठ घट्ट मिटतात. शेंग तशीच. तुम्ही हात बदलत नाही, तुम्ही हट्टी आहात. पुन्हा दाबता. खाली रस्त्यावरून बस जाते, खिडकीची काच वाजते, आणि शेंग तुमच्या बोटांतून निसटून बाकाखाली जाते. मी वाद जिंकले होते. तसं जिंकणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

तुम्ही खाली वाकून शेंग शोधलीत, पुसून खिशात ठेवलीत आणि विचारलंत, "किती गेल्या असतील गं बाहेर?"

आपण त्या सगळ्या बंदुका परत आणायला निघालो. पत्ते बिलांवर होतेच. गाडी मी चालवायची आणि तुम्ही शेजारी मांडीवर ताणकाटा घेऊन बसायचात. प्रत्येक फाटकाशी तुम्ही स्वतः उतरायचात. मी बोलते म्हटलं तर ऐकलं नाहीत. "माय फिंगर इज नो गुड, सर. प्लीज गिव्ह मी द गन." तुमच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की घरी येऊन मोरीत तोंड धुताना रडून घेत असे. बहुतेकांनी मुकाट्याने बंदुका दिल्या. एकजण मात्र देईना. असा सुरेख चाप आपल्याला आयुष्यात मिळाला नव्हता, म्हणाला, हात लावू देणार नाही. तुम्ही त्याच्या अंगणातल्या कट्ट्यावर बसलात आणि उठेचनात. त्याच्या बायकोने तुम्हाला चहा आणून दिला, तुम्ही तो दोन्ही हातांनी कप धरून प्यालात. तिने तुमचे हात बघितले. मग तीच आत गेली आणि बंदूक घेऊन आली.

त्या बंदुका मी दुरुस्त केल्या, तुम्ही स्टुलावर बसून सांगत होतात तशा. "हलक्या हाताने. आता थांब. पूस." आणि प्रत्येक वेळी शेवटी, माझ्याकडे न बघता, "काटा लाव." मला त्या दोन शब्दांचं वाईट वाटायचं. तुमचं ओरडणं परवडलं असतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी तुमचा उजवा हात उताणा धरला आणि अंगठ्याच्या बाजूला बोट टेकवलं. तिथलं मांस गेलं होतं, खळगा पडला होता. दंडावरची कातडी आपोआप फडफडत होती. स्पर्श शाबूत आहे, ताकद जाते आहे, त्या म्हणाल्या. म्हणून तुम्हाला प्रत्येक चाप जड लागत होता आणि तुम्ही तो हलका करत गेलात. बोट खोटं बोलत नव्हतं, तेच आजारी होतं. हातांनंतर पाय जातील, मग गिळणं, मग श्वास, हेही त्यांनी सांगितलं. बहुतेक घरांत हा आजार पुढच्या पिढीत जात नाही, काही घरांत जातो. परत येताना आई गाडीत म्हणाली, "तुमच्या थोरल्या भावाचेही हात असेच गळाले होते. तेव्हा सगळे अर्धांगवायू म्हणाले."

हात पुरते जायच्या आधी तुम्ही मला तुमची स्वतःची दुनळी दिलीत. लायसन्सचे कागद आधीच करून ठेवले होते, मला न सांगता. "हिचा चाप मी पंधरा वर्षांपूर्वी केलाय. चांगल्या बोटाचा आहे. त्याला दगड लावू नकोस. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी एकदा ओढून बघत जा." मला वाटलं, हाताला वळण राहावं म्हणून सांगताय. त्याच्यानंतर दीड वर्षाने तुम्ही गेलात. शेवटी आई तुम्हाला चमच्याने पाणी भरवत होती आणि तुम्हाला तेही गिळता येत नव्हतं. मोटारीचा कारखाना बंद पडला तेव्हा मी दुकानात आले ती इथलीच झाले. तुम्ही ते कशासाठी सांगितलंत हे मला खूप उशिरा कळलं. तो आजार माझ्यात उतरलाय का हे बघायला मला रक्त तपासून घ्यायचं नव्हतं, हे तुम्हाला आधीच माहीत असणार.

इतकी वर्षं तो चाप रोज तसाच सुटतो. मी आधी बोटाने ओढते आणि मग काटा लावते, आणि दोन्ही जुळले की चहा ठेवते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आई आता ऐंशीच्या पुढे आहे, फोनवर रोज "जेवलीस का?" विचारते आणि मी हो म्हणते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही हे एका परीने बरंच आहे, तिला वाचून दाखवावं लागणार नाही.

आज सकाळी चाप जड लागला. थंडी फार आहे, तेल घट्ट झालं असेल. मी हीटर जवळ ओढला, बंदूक पुसली, थोडा वेळ थांबून पुन्हा ओढला. मग हे लिहायला बसले. ताणकाटा समोरच खिळ्याला आहे, बसल्या जागेवरून हात पोचेल इतका जवळ. बाबा, मी तो अजून काढलेला नाही.