दुसरं नाव माझं

३ जून. सकाळी ८.
आजपासून रोजनिशी. मोठ्या संशोधकांच्या रोजनिश्या नंतर सापडतात, म्हणून अक्षर नीट काढायचं. पेपर पूर्ण: 'रांगेतील घुसखोरी'. दोन वर्षं रांगांत मी उभा राहिलो. पहिलं नाव सरांचं, कारण ते सर आहेत. दुसरं माझं. जानेवारीत पर्मनंट लेक्चररचा इंटरव्ह्यू. नाव दाखवायचं, ऑर्डर घ्यायची.

५ जून.
टायपिस्टकाका तक्ते करायला कुरकुरत होते. तिसरं नाव तुमचं, म्हटलं. लगेच बसले. माझं काय जातंय? लेखक जास्त झाले की उल्लेख करताना लोक 'एट अल.' लिहितात. लॅटिन आहे. म्हणजे 'आणि इतर'. इतर तिसऱ्यापासून सुरू होतात. दुसरा माणूस इतर कसा असेल?

९ जून.
मेहुणा एम.ए. होऊन घरीच. बायको म्हणाली, त्याचंही घाला. घातलं. सासरे रुसले. तेही घातले.

२ जुलै.
लायब्ररियन, वॉचमन, दातांचे डॉक्टर (सर्वांत लांब रांग त्यांची). असं करत एकूण एकोणीस. मन मोठं असावं लागतं.

१८ नोव्हेंबर. दुपारी.
पेपर छापून आला आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडमनी तो नव्या पुस्तकात वापरलासुद्धा! पुस्तक आणलं. पान ११२: सरांचं आडनाव, पुढे एट अल.
छपाईची चूक.

१९ नोव्हेंबर.
प्रकाशकाला फोन. तिथली मुलगी म्हणाली, लेखक दोनच असते तर दोघांची नावं आली असती. तीन झाले की फक्त पहिला. कच्ची दिसते.

२० नोव्हेंबर.
कच्ची नाही.

२५ नोव्हेंबर.
संकल्प: शुद्धिपत्र काढून सतरा जणांना गाळायचं. टायपिस्टकाकांनी पेपर फ्रेम करून भिंतीला ठोकलाय. डॉक्टर म्हणाले, आ करा, मग बोलू. बायकोजवळ मेहुण्याचा विषय काढला.
"अहो, संशोधक म्हणून लग्न ठरलंय त्याचं. आता नाव काढता?"
सतरापैकी गळाले शून्य. हरकत नाही. इंटरव्ह्यूत तोंडी सांगीन.

६ जानेवारी.
इंटरव्ह्यू झाला. मॅडमनी विचारलं, रांगांत प्रत्यक्ष कोण उभं राहिलं? मी छातीवर हात ठेवून म्हटलं, मी.
मॅडम म्हणाल्या, "सकाळपासून हे सांगणारे तुम्ही तिसरे."
बाहेर आलो. बाकावर लायब्ररियन आणि मेहुणा. मेहुण्याने सरकून जागा दिली.