बुसियाच्या फाटकावरच्या भाववह्या आणि त्यांतली एक खोटी ओळ

मी, क्रिस्पिनस ब्विरे माकोखा, वय सत्तावन्न, धंदा नोटा बदलून देण्याचा, राहणार बुसिया, युगांडाच्या सरहद्दीवरच्या फाटकाच्या केनियाकडच्या अंगाला, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. आज सकाळी नऊ गिऱ्हाइकांचा हिशेब तोंडी केला, एकही चुकला नाही. दुखणे छातीचे आहे, डोक्याचे नाही. कोणी भरीस घातलेले नाही. माझी शाळा सातवीपर्यंत. पण वारसा कायद्याचे पुस्तक जुन्या बाजारातून आणून दोनदा वाचले आहे, म्हणून वकील केला नाही.

कलम १. राहते घर बायको आजिआंबो हिचे. मुलांनी "आई, आमच्याकडे येऊन राहा" म्हणत ते रिकामे करवू नये. ती पाहुणी म्हणून जाईल आणि परत येईल.

कलम २. युगांडाकडची कसाव्याची जमीन आणि बचत संस्थेतली रक्कम मुलगा ओजिआंबो व मुलगी नेरिमा यांना निम्मी निम्मी. लेक लग्न होऊन पलीकडे गेली म्हणून तिचा वाटा कमी, हे माझ्या मागे चालणार नाही.

कलम ३. शेजारी बसणारा ओकोची गेली एकोणीस वर्षे फाटक्या नोटा गड्डीच्या मधोमध घालून देतो. त्याला मी जिच्याखाली बसतो ती छत्री द्यावी. तिला दोन भोके आहेत. तीही मधोमधच आहेत.

कलम ४. भाववह्या एकोणतीस. फाटक उघडण्यापूर्वी आम्ही सारे उंबराखाली जमतो, सर्वांत वडील माणूस भाव बोलतो, म्हणजे आमच्या केनियाच्या एका शिलिंगाला युगांडाचे किती, आणि मी तो लिहितो. १९९५ साली सुरुवात केली तेव्हा एकोणीस होता. यंदा जानेवारीत चोविसापर्यंत घसरला आणि मार्चात एकोणतिसावर गेला. बँकेतल्या साहेबांना ते पटेना, मी तारखेसह दाखवले. दोन्हीकडची सोयरीक झाली की वधूमूल्याचे पैसे याच वह्यांवरून ठरतात. पंच म्हणतात, "ब्विरेची वही काय म्हणते बघा." या वह्या नेरिमाला द्याव्यात. ओजिआंबोचे अक्षर वाईट आहे.

कलम ५. हे लिहायला चार दिवस लागले. वह्यांत एक ओळ खोटी आहे.

वडिलांच्या पलीकडच्या जमिनीतला धाकटी बहीण ताका हिचा वाटा मी विकत घेतला. किंमत ठरली युगांडाचे बावन्न लाख ऐंशी हजार. मी आमच्या शिलिंगात द्यायचे, त्या दिवशीच्या वहीच्या भावाने. तो दिवस मंगळवार, १७ ऑगस्ट २००४. भाव बावीस होता. मी चोवीस लिहिला. तिचे दोन लाख चाळीस हजार होत होते, मी दोन लाख वीस हजार दिले. उरलेल्या वीस हजारांचे पत्रे आमच्या स्वयंपाकघरावर आहेत.

ताका त्या सकाळी फाटकाच्या अलीकडे, केनियात, मासे विकून गेली होती. पंचांसमोर ती म्हणाली, "दादा, मी स्वतः आज माशांचे पैसे बावीसनं मोडून आलेय." मी वही पुढे केली. पंचांनी वहीवर विश्वास ठेवला आणि तिला थोरल्या भावावर आळ घेतल्याबद्दल माफी मागायला लावली. तिने मागितली. त्यानंतर वीस वर्षे ती माझ्या उंबऱ्याला आलेली नाही. मी लोकांना सांगत आलो की ती हेकेखोर आहे. ती हेकेखोर नाही.

माझ्या माघारी तिला केनियाचे वीस हजार शिलिंग द्यावेत आणि हे कलम उंबराखाली, त्याच पंचांपुढे मोठ्याने वाचावे. ओजिआंबो म्हणतो, वहीतले ते पान फाडा, एका ओळीपायी सगळ्या वह्यांवरचा भरवसा जाईल. जाऊ दे. पान फाडलेले आढळल्यास त्याचा कलम २ मधला वाटा नेरिमाला जावा.

अंमलबजावणी माझा मित्र इमोदिया याने करावी. दोन्ही साक्षीदारांना यातले काही मिळत नाही, हे मुद्दाम पाहिले आहे.

सही: क्रि. ब्विरे माकोखा
साक्षीदार: जोसेफ इमोदिया, दुचाकी दुरुस्ती, सिल्वेस्टर ओकेडी, चर्चमधील शिक्षक
बुसिया, सोमवार, १० जून २०२४

पुरवणी

सही करून झाल्यावर इमोदियाने लेखणी खाली ठेवली आणि म्हणाला, "ताकाचं घर फाटकापासून सात मिनिटांवर आहे. मेल्यावर सांगायला तू काय लांब राहतोस?" मला राग आला. मी त्याला कायद्यातले कलम दाखवले. तो चहा न घेता गेला.

शुक्रवारी मी वीस हजार घेऊन पलीकडे गेलो. ताका अंगणात मासे वाळत घालत होती. सगळे सांगितले. ती ऐकत राहिली, हात थांबवले नाहीत. पैसे तिने मोजले नाहीत.

"हे ठेव तुझ्याकडं. त्या साली वीस हजाराला दोन कालवडी येत होत्या. भाव लिहिणारा ना तू? मग हा भाव का नाही लिहिलास?"

 एकोणतीस वह्यांत गुराचा भाव एकदाही नाही.

काल, मंगळवारी, गुरांच्या बाजारातून दोन कालवडी घेतल्या, चौऱ्याहत्तर हजारांना, आणि तिच्या दारी नेल्या. सोबत ती वही नेली. तिच्यासमोर चोवीसवर रेघ मारून बावीस लिहिले, बाजूला सही केली. आज सकाळी उंबराखाली मी स्वतः कलम ५ वाचले. त्या पंचांपैकी दोघे हयात आहेत. ते पुढेच बसले होते. आता वह्यांना कोणी मानो न मानो, त्या नेरिमाच्याच.

सबब कलम ५ रद्द समजावे. बाकी कलमे कायम.

काल ताकाने कालवडींचे दात पाहिले, एकीला दावणीला बांधले, दुसरीचा दोर माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, "उभा काय राहिलास, दादा? आत ये."

सही: क्रि. ब्विरे माकोखा
साक्षीदार: तेच दोघे. इमोदियाने या वेळी चहा घेतला.
बुसिया, बुधवार, १९ जून २०२४