सातव्या प्रश्नाचं खरं उत्तर

मी, लेसिएली हालातुआ, वय सेहेचाळीस, राहणार ओटाहुहू, ऑकलंड, हे मृत्युपत्र शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. मन स्थिर आहे असं मात्र लिहवत नाही. मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. नवी झडप कुणा मृत माणसाची आहे.

१. घर माझी मुलगी व्हिका हिला. मागच्या दाराची कडी जोर लावून ओढावी लागते.

२. बारीक विणीच्या दोन्ही चटया नणंद मेलेसेइनी यांना. पहिला मान नवऱ्याच्या बहिणीचा, हे एकोणीस वर्षं ऐकतेच आहे. शिवणयंत्र चर्चमधल्या बायकांना. निदान या वेळी त्यांनी विचारून न्यावं.

३. माझा नवरा पेनिसिमानी तीन वर्षांपूर्वी छपरावरून पडून वारला. त्याचं हाड आणि हृदयाची एक झडप दान करायला मी होकार दिला. ऊतकपेढीच्या, म्हणजे टिश्यू बँकेच्या, परिचारिकेने फोनवर प्रश्न विचारले. फोन खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जात होता. सातवा प्रश्न: गेल्या पाच वर्षांत त्यांनी सुईने नशा केली होती का? शेजारी मेलेसेइनी बसल्या होत्या. बहिणीसमोर भावाची असली गोष्ट आमच्यात कुणी उच्चारत नाही. मी म्हणाले, "नाही." शेवटचे दोन महिने तो तेच करत होता. रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या. पण ताजी लागण त्यांत दिसतेच असं नाही, म्हणून तर घरच्यांना विचारतात.

हे इथे लिहून मी मोकळी होणार होते. परवा सर्जन म्हणाले, "काळजी करू नका, दात्याच्या घरच्यांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत." तशी उत्तरं तर मीही दिली होती. हा कागद मी गेल्यावर वाचला जाणार, आणि पेनिसिमानीचं हाड घेऊन कुणीतरी आज चालतंय.

काल मेलेसेइनींना समोर बसवून पेढीला फोन केला आणि सातव्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं.

"लाज नाही वाटत? माझ्यासमोर?"

"वाटते, ताई. म्हणून तर तेव्हा खोटं बोलले."

"मग मला बाहेर जा म्हणायचंस की गं! गेले असते मी."

आज पेढीने कळवलं: हाड मिळालेल्या बाईला तपासणीला बोलावलं आहे. झडप मिळालेला माणूस जुन्या पत्त्यावर राहत नाही.

४. मंगळवारी मी वाचले नाही, तर व्हिकाने दर सोमवारी पेढीला फोन करून विचारावं, सापडला का? नाव सांगणार नाहीत, मागूही नये. वैतागतील. तरी सापडेपर्यंत विचारावं.

सही: लेसिएली हालातुआ

आम्हा दोघांच्या देखत सही केली:
सेमिसी लोलोहेआ, शेजारी
अनासेइनी ताकाउ, शिक्षिका

ओटाहुहू, गुरुवार, ६ जून २०१९