हिरव्या टोपीचा डावा हात

३ फेब्रुवारी, सोमवार

एक चप्पल घालून लॅबमध्ये गेले! चक्क एक. दुसरी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी गळून पडली असणार. पायाला पत्ताच नाही. कळलं कधी, तर शेजारच्या टेबलावरचा कूकर (सारख्या शिट्ट्या मारतो, म्हणून मी ठेवलेलं नाव) म्हणाला तेव्हा – "काय गं, आज एका पायाला सुट्टी का?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले. मग बाथरूममध्ये जाऊन पाहिलं, तर टाचेला काच लागलेली आणि रक्त वाळूनसुद्धा गेलेलं. वीस वर्षं लोकांचं रक्त काढतेय आणि स्वतःचं गेलेलं कळलं नाही.

घरी ह्यांना सांगितलं, पट्टा तुटला.

५ फेब्रुवारी

माझी केमो संपून चौदा महिने झाले. "मुंग्या जातील हो वर्षभरात," नर्स म्हणाली होती. मुंग्या गेल्या खऱ्या! आता तिथं काहीच नाही. बोटांच्या टोकांवर कुणी जाड मोजे चढवून ठेवलेत आणि काढायचे विसरलेत, असं. फक्त फ्रीजचं दार उघडताना हात भाजल्यासारखा पोळतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

हिरवी टोपी आली होती. दर सोमवारी येते – मंगळवारी केमो, त्याच्या आदल्या दिवशी रक्तातल्या पेशी मोजायच्या. पेशी ठीक असतील तरच डोस मिळतो. शाळेत गणित शिकवते. विणलेली हिरवीगार टोपी घालून येते आणि म्हणते, "केस परत येईपर्यंत ही भाड्यानं घेतलीय."

उजव्या स्तनाचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे त्या हाताला सुई चालत नाही. राहिला डावा. दंडाला पट्टा बांधला, बोट ठेवलं. काही नाही. सरकवलं. काही नाही. मग अंदाजानं टोचलं. नाही. पुन्हा. नाही. तिसऱ्यांदा कसंबसं आलं.

आणि मी काय म्हणाले? तोंडातून आपोआप निघून गेलं – "तुमच्या शिरा फारच बारीक झाल्यात हो. औषधानं जळल्यात."

ती म्हणाली, "सॉरी हं ताई, माझ्यामुळे तुम्हाला त्रास."

सॉरी! ती मला!

११ फेब्रुवारी

मला लॅबमध्ये 'एकटोच' म्हणतात. एका टोचण्यात काम फत्ते, म्हणून. कुणाची शीर सापडली नाही की, "जा, एकटोचकडे जा." हट्टी बाळं, लठ्ठ माणसं, सुकलेल्या आज्या – सगळे माझ्याकडे. शीर डोळ्यांना दिसली नाही तरी बिघडत नाही, ती बोटाला लागते. खाली किंचित उसळते. ती उसळी मला डोळे मिटून कळायची. फार मिरवलंय मी त्यावर.

आता डोळे फाडून बघते. हिरवी रेघ दिसली तर ठीक, नाही तर देवावर हवाला. आणि चुकलं की समोरच्याच्या शिरांवर ढकलते. लोक मानतातही. एकटोच म्हणतेय म्हणजे शिराच वाईट असणार!

१७ फेब्रुवारी, सोमवार

हिरवी टोपी. चार वेळा टोचलं. तिसऱ्या वेळी शीर फुटली आणि कातडीखाली जांभळं पसरत गेलं. कूकर अर्धवट उठला – "मी बघू का?"

"नको!" मी जवळजवळ ओरडलेच. त्यानं एका फटक्यात काढलं असतं, आणि मग शिरा बारीक नाहीत हे उघड्यावर आलं असतं. म्हणून मी तिला चौथ्यांदा टोचलं. हे मी इथं लिहितेय, कारण दुसरीकडे कुठं लिहायची सोय नाही.

वर पुन्हा म्हणाले, "या शिरा काही फार दिवस टिकायच्या नाहीत."

कापूस दाबून झाल्यावर ती बाहीचं बटण लावायला लागली. लागेना. मी मदतीला गेले, तर मलाही लागेना. दोघी खी खी हसलो. शेवटी कूकरनं येऊन लावलं. त्यानं माझी बोटं पाहिली असतील का?

२० फेब्रुवारी

माझी तपासणी. सगळं स्वच्छ. डॉक्टरांनी कागदावर पेन ठेवून विचारलं, "हातापायांना मुंग्या, बधिरपणा?"

"कधीमधी. विशेष नाही."

हे शेजारी बसले होते. चेहरा असा उजळलेला, लेकीचा निकाल लागला होता तेव्हाही इतका नव्हता. जीव परत मिळालाय आणि मी बोटांचं रडगाणं गाऊ? शिवाय कागदावर आलं, की आज ना उद्या लॅबपर्यंत पोचणार. खरं कारण हेच दुसरं. पहिलं मी स्वतःला सांगण्यापुरतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हिरवी टोपी आली नाही. मला बरं वाटलं. शी!

२५ फेब्रुवारी

रजिस्टरमधून नंबर काढून फोन केला. तिच्या नवऱ्यानं उचलला. "ही ऐकतच नाही हो. म्हणते, माझ्या शिरा संपल्या, आता औषध घालणार कुठून? पाच डोस राहिलेत. डॉक्टरांकडे चल म्हटलं, तर म्हणते – लॅबमधल्या ताईंनी सांगितलंय, त्यांच्याइतकं शिरांमधलं कुणाला कळतं?"

आत्ता सांगायचं, आत्ता, आत्ता, असं मनात चाललं होतं. आणि मी म्हणाले, "बरं. काळजी घ्या." फोन ठेवून दिला.

२६ फेब्रुवारी

दिवसभर तोंडात घास फिरत राहिला. हे म्हणाले, "मीठ कमी आहे का?"

आज तिच्या डोसला एक दिवस उशीर झाला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कूकरला सांगितलं. भांडारात, हातमोज्यांच्या खोक्यांमध्ये उभी राहून. सगळं – बोटं, पाय, चप्पल, हिरवी टोपी.

त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. (इथं अरे-तुरे करते, समोर त्यांना अहो-जाहोच करते. जूनमध्ये रिटायर होतायत.) मग म्हणाले, "तुझ्या टेबलावर डिसेंबरपासून एक तरी लहान मूल आलंय का?"

आठवून पाहिलं. नाही.

"मला काय पोरांचा फार पुळका आहे? कानठळ्या बसतात माझ्या! वाटलं, सांगशील आपणहून. पोरं तेवढी मी ओढत होतो. मोठ्यांचं काय, मोठी माणसं सहन करतात म्हटलं. माझंही चुकलंच गं."

म्हणजे ते डिसेंबरपासून रडकी पोरं अंगावर घेत होते आणि मी त्यांची चेष्टा करत होते – म्हातारपणी लळा लागला म्हणून! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"चल तिच्याकडे," म्हणाले. "उद्याच."

२८ फेब्रुवारी

गेलो. तिसरा मजला. ती वह्या तपासत बसली होती, घरातही टोपी. पेन मुठीत धरलं होतं, लहान मुलं धरतात तसं. मी उभ्यानंच बोलले. बसले असते तर बोलणं झालं नसतं.

"तुमच्या शिरा चांगल्या आहेत. माझी बोटं बधिर आहेत. मी खोटं बोलले."

तिनं डावा हात उलटासुलटा करून पाहिला. जांभळं आता पिवळं झालं होतं. "मी या हाताला काय काय बोललेय, माहितीय तुम्हाला? एकच उरला होता, तोही नालायक निघाला, म्हणाले. आंघोळ करताना रोज." आवाज चढला. "आठवडा गेला माझा! कळतंय का तुम्हाला?"

"हो."

"काय हो?"

कूकरनी पेटी उघडली, पट्टा बांधला, बोट ठेवलं – आणि एका टोचण्यात ट्यूब भरली. कुठं बघावं कळेना मला.

निघताना तिनं विचारलं, "कुठून सुरू झालं तुमचं?"

"पायांच्या अंगठ्यांपासून. चौथ्या-पाचव्या डोसला. मग बोटं."

"आणि डॉक्टरांना काय सांगितलंत?"

"काही नाही. लाज वाटली."

तिनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "या तुम्ही आता," म्हणाली. चिडूनच.

१ मार्च, शनिवार

लॅबच्या मॅडमना सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "अगं, आधी सांगायचं ना," एवढंच. सुईचं टेबल सुटलं. सोमवारपासून नावं नोंदवायच्या खिडकीवर. कीबोर्डच्या मोठ्या कळा दाबायच्या आहेत, जमेल.

दंडाला बांधायचा जुना पट्टा पिशवीत टाकून घरी आणला. कशाला आणला कुणास ठाऊक.

४ मार्च, मंगळवार

हिरव्या टोपीचा फोन, थेट हॉस्पिटलमधून. "ताई, रागावलेय अजून. पण ऐका. तुम्ही गेलात आणि मी आज डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं – माझेही अंगठे गेलेत, बोटं जायला लागलीत. डोस बंद करतील म्हणून बोलत नव्हते. त्यांनी बंद नाही केला, कमी केला. म्हणाले, आत्ता सांगितलंत म्हणून बोटं राहतील बहुतेक. आणखी दोन आठवडे गप्प बसला असतात तर अवघड होतं."

ते बटण! तिलाही लागत नव्हतं. माझ्या नाकासमोर. आणि मी माझीच बोटं लपवत बसले होते.

ह्यांना बसवून सगळं सांगितलं. चपलेपासून. डॉक्टरांची उद्या दहाची वेळ घेतलीय. ह्यांना म्हटलं, आत शेजारी बसा, आणि मी पुन्हा 'कधीमधी' म्हणाले तर हाताला चिमटा काढा. मात्र जोरात काढा. हलका काढलात तर मला कळायचा नाही.